रडार सांगतं, समोर काही नाही

"बोटीवर रडार बसवायला लागतं काय? एक रविवार, एक ड्रिल आणि थोडी अक्कल! बस्स!"

हे वाक्य माझं. स्टाफरूममध्ये बारा शिक्षकांसमोर, हातात चहाचा कप धरून, मी ते उच्चारलं होतं. त्यातला रविवार मला मिळाला, ड्रिलही मिळालं. तिसऱ्या वस्तूचं पुढे काय झालं ते तुम्हीच ठरवा.

आपली ओळख नाही म्हणून सांगतो, मी शाळेत भूगोल शिकवतो. चोवीस वर्षं झाली. आणि माझ्याकडे सात मीटर लांबीची एक शिडाची बोट आहे. बोटीला नाव बायकोचं दिलंय, तिला खूश करायला नव्हे, तिने बोट घेताना फार बोलू नये म्हणून. आठवडाभर चाळीस-चाळीस मुलांच्या पाच वर्गांसमोर घसा खरवडून झाला की रविवारी मी तिच्यात जाऊन बसतो. तिथे मला कोणी काही विचारत नाही. ती बोट नसती तर मी केव्हाच एखाद्या मुलाच्या डोक्यात पृथ्वीचा गोल घातला असता!

तर गेल्या वर्षी मी एकटाच खाडीत निघालो आणि धुकं उतरलं. असं धुकं की मला माझे गुडघे दिसेनात! मी धीर सोडला नाही. थोड्या वेळाने वाट दाखवायला पाण्यात तरंगत ठेवलेला एक लाल बोया लागला, तो डावीकडे टाकला. पुन्हा एक लाल बोया, तोही डावीकडे टाकला. असे मी सात बोये मोजले. सहा तासांनी एका मच्छीमाराने मला दोरी फेकली तेव्हा कळलं की बोया एकच होता. मच्छीमाराचा मुलगा आठवी 'ब'मध्ये! दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो तर फळ्यावर एक मोठ्ठं वर्तुळ, मधोमध लाल टिंब, आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'सरांचा प्रवास'.

बायको तीन दिवस काहीच बोलली नाही. ती पोस्टाच्या खिडकीत बसते, त्यामुळे तिला मोजकं बोलायची सवय आहे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "बोट विका."

"अगं, पण..."

"विका."

गिऱ्हाईक तर तयारच होतं. आमचे दातांचे डॉक्टर! त्यांचा माझ्या बोटीवर तीन वर्षांपासून डोळा. ते विषय नेहमी नेमका अशा वेळी काढायचे की माझ्या तोंडात त्यांची तीन अवजारं असायची. "मग काय सर, बोट देताय ना आम्हाला?" अशा वेळी माणूस 'आं' यापलीकडे काय बोलणार?

मी कित्येक महिने बायकोच्या विनवण्या केल्या. शेवटी तिने एक अट घातली. तिचे वडील, म्हणजे माझे सासरे, खाडीच्या पलीकडे राहतात. दीपगृहावर त्यांनी चौतीस वर्षं नोकरी केली, आणि निवृत्त झाले तेव्हा दीपगृहाच्या पायथ्याशीच घर बांधलं. बायको वाढली ती तिथेच.

"एक तारखेच्या रविवारी बाबांकडे जेवायला जायचं," ती म्हणाली. "बोटीने. धुकं असलं तरी. कोणाला मदतीला न बोलावता एकच्या आत पोचलो, तर बोट राहील. नाहीतर सोमवारी किल्ली डॉक्टरांना."

"मंजूर!" मी म्हणालो. "रडार बसवतो! रडारपुढे धुकं काय चीज आहे?"

सासऱ्यांना बातमी कळायला वेळ लागला नाही. त्यांचा फोन आला. "जावईबापू, रडार घेताय म्हणे! छान. कान विकले का?"

म्हाताऱ्या माणसाला यंत्र काय कळणार, म्हणून मी नुसता हसलो.

बोटीच्या सामानाच्या दुकानात तीन रडारं मांडून ठेवली होती. पांढरी, गोल, मोठं पातेलं पालथं घालावं तशी. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "बोट केवढी?"

"सात मीटर."

"मग हे लहान घ्या. लहान बोटीला जवळचं नीट दिसलं म्हणजे झालं."

"आणि ते मोठं?"

"ते अठ्ठेचाळीस मैलांचं. ते तुम्हाला कशाला? तुमच्या डोलकाठीवरून चार-पाच मैलांच्या पलीकडचं पाणी दिसणारच नाही."

"का नाही दिसणार?"

"साहेब," दुकानदार मायेने म्हणाला, "पृथ्वी गोल आहे ना!"

आता मला सांगा, भूगोलाच्या मास्तराने हे कसं ऐकून घ्यायचं? पृथ्वी गोल आहे हे मी चोवीस वर्षं सांगतोय, आणि हा मला शिकवतो! मी तिथल्या तिथे अठ्ठेचाळीस मैलांचं उचललं. पृथ्वी गोलच राहिली, फक्त माझ्या बोटीवर दुप्पट वजन आलं.

बसवायचं काम बोटी दुरुस्त करायच्या आवारातला कारागीर करायचा. त्याने "आधी सगळं नीट बघू, मग तारीख देतो" म्हटल्यावर माझा संयम संपला. घरात कारागीर असताना तारखा कशाला घ्यायच्या? माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, घरांच्या छपरांवर टीव्हीच्या डिश बसवतो. सगळ्या गावाच्या डिश त्याच्याच हातच्या.

"भाऊजी, तीन हजार डिश बसवल्यात," तो छाती पुढे काढून म्हणाला. "वादळात पत्रे उडाले, पण आपली डिश हलली नाही!"

"पण हे रडार आहे बरं का."

"गोल आहे ना? पांढरं आहे ना? वायर आहे ना? मग झालं तर!"

मला त्याचा आत्मविश्वास फार आवडला. तो माझ्यासारखाच होता.

बोट आवारात लाकडी टेकूंवर उभी होती. मेहुण्याने लांब शिडी डोलकाठीला लावली, निम्म्या उंचीपर्यंत चढला आणि ड्रिल सुरू केलं. वायरीचं टोक जाडजूड, म्हणून भोक वाढवलं. तरी जाईना, म्हणून आणखी वाढवलं. शेवटी ते भोक उंदराने कुरतडल्यासारखं दिसायला लागलं, पण वायर आत गेली. मग पातेलं वर चढलं. आणि मी काय पाहिलं? मेहुण्याने खिशातून होकायंत्र काढलं! शिडीवर एका हाताने लटकून, एक डोळा मिटून, त्याने पातेलं इंच-इंच फिरवलं, पुन्हा पाहिलं, पुन्हा फिरवलं, मग नट आवळले.

"एक अंशाचा फरक नाही, भाऊजी!"

माझा ऊर भरून आला. होकायंत्र घेऊन काम करणारा माणूस आजकाल बघायला मिळतो कुठे? मी खालून टाळ्या वाजवल्या.

आता वायर डोलकाठीच्या पोटातून खाली आणायची होती. मेहुण्याची युक्ती अशी, की डोलकाठीच्या आतून आधीच एक दोरी जाते, तिलाच वायर बांधायची आणि खालून दोरी ओढायची. मी ओढली. वायर सुरसुरत खाली आली! आम्ही दोघांनी जल्लोष केला. जल्लोष चालू असतानाच त्या दोरीचं दुसरं टोक डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत गेलं, कप्पीवरून पलीकडे पडलं, आतल्या आत घसरलं आणि सगळीच्या सगळी दोरी माझ्या पायाशी येऊन पडली.

"ही दोरी कशाची होती, भाऊजी?"

"शीड चढवायची," मी म्हणालो.

ती पुन्हा ओवायची तर शेंड्यापर्यंत माणूस न्यायला क्रेन हवी. क्रेन महिनाभर मोकळी नाही. म्हणजे माझ्या शिडाच्या बोटीवर आता अठ्ठेचाळीस मैलांचं रडार होतं, पण शीड नव्हतं! मी टेकूला टेकून खाली बसलो. मेहुण्याने मला पाणी दिलं.

"इंजिन आहे ना?" तो म्हणाला. "मग?"

संध्याकाळी रडार चालू केलं. स्क्रीनवर ठिपकेच ठिपके! शेड, ट्रक, बोटी, कुंपणं. कुठला ठिपका कशाचा हे त्या आवारात ब्रह्मदेवाला कळलं नसतं, पण ठिपके होते आणि ते हिरवे होते. रडारबरोबर एक जाडं पुस्तक आलं होतं. त्यातल्या चौथ्या प्रकरणाचं नाव होतं 'दिशा जुळवून घेणे'. मी ते प्रकरण हसून उलटलं. दिशा, आणि मला शिकवणार!

दोन दिवसांनी बोट पाण्यात उतरली, आणि ठरलेला रविवार उजाडला. दुधासारखं धुकं पडलं होतं.

"आज राहू दे हवं तर," बायको म्हणाली. तिने शब्द फिरवला नाही, मला सवलत दिली. ती मी घ्यायला हवी होती. पण माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टर दिसत होते, माझ्या बोटीत पाय पसरून बसलेले!

"चला!" मी म्हणालो.

बायको वडिलांसाठी घेतलेला डबा मांडीवर घेऊन बोटीच्या पुढच्या टोकावर बसली. मेहुणा केबिनच्या दाराला मिठी मारून बसला. बोट अजून धक्क्याला बांधलेली होती तरी त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी एका हातात सुकाणू धरलं, नजर स्क्रीनवर ठेवली आणि इंजिन सुरू केलं. इंजिन असलं बोंबलतं की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

बंदराच्या भिंतीला डावीकडे ठेवून बाहेर पडायचं, हे मला झोपेतही येतं. पण स्क्रीनवर पाहतो तो भिंत समोर आडवी!

"प्रवाहाने ओढलं आपल्याला!" मी ओरडलो आणि बोट उजवीकडे वळवली. स्क्रीनवरची भिंत शहाण्यासारखी बाजूला झाली. "बघितलंस? रडार नसतं तर आपटलो असतो!"

बायकोने डब्याचं झाकण घट्ट केलं.

दहा मिनिटं स्वर्गसुख! समोर स्क्रीन स्वच्छ. फक्त उजवीकडे, अर्ध्या मैलावर, एक ठिपका. तो ठिपका हळूहळू जवळ यायला लागला. इकडे नाही, तिकडे नाही, अगदी सरळ आमच्यावर!

"उजवीकडून कोणीतरी अंगावर येतंय!" मी म्हणालो. "त्याच्या पुढून निघून जाऊ." मी वेग वाढवला.

ठिपक्यानेही वेग वाढवला!

"हात्तेच्या! बरं, जाऊ दे त्याला पुढे." मी वेग कमी केला.

ठिपक्यानेही कमी केला!

आता मात्र माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या वेगाशी वेग जुळवून, धुक्यात पाठलाग कोण करेल? ज्याला आम्ही पोचू नये असं वाटतं तोच! "हा डॉक्टर आहे!" मी किंचाळलो. "मोटरबोट घेऊन आलाय! सोमवारपर्यंत दम निघत नाही त्याला!"

"अहो," पुढून बायको ओरडली, "समोर काहीतरी आहे!"

"समोर काही नाही! तू उजवीकडे बघ!"

"उजवीकडे काही नाही! समोर आहे! लाल आहे!"

"अगं, स्क्रीन समोर आहे माझ्या! यंत्र खोटं बोलत नाही!"

"मीही बोलत नाही!"

मी उजवीकडच्या धुक्याकडे मूठ उगारली. "डॉक्टर! लाज वाटत नाही का?" आणि वेग शेवटपर्यंत खेचला.

धडाम्!

डबा उडाला, तो मेहुण्याच्या कुशीत पडला. मी सुकाण्यावर आपटलो. बोटीच्या नाकासमोर, शेवाळ लागलेला, लाल, घरापेक्षा ओळखीचा असा एक बोया डुलत होता. गेल्या वर्षीचाच! मी त्याच्याभोवती सात वेळा फिरलो होतो, मी त्याला कुठेही ओळखलं असतं. स्क्रीनवर तो अजूनही उजवीकडेच होता.

बायकोने आधी वाकून बोटीला भेग पडली नाही ना ते पाहिलं, मग बोया पाहिला, मग वर डोलकाठीकडे पाहिलं. मग भावाकडे.

"हे पातेलं तू कसं बसवलंस रे?"

"नेहमीसारखंच, ताई," मेहुणा डबा छातीशी धरून म्हणाला. "उपग्रहाच्या दिशेला तोंड करून. सगळ्या गावाच्या डिश तिकडेच बघतात. होकायंत्राने लावलंय, एक अंशाचा..."

त्याचं वाक्य तिथेच राहिलं. आवारात बोट टेकूंवर जशी उभी होती, तशी ती उपग्रहाच्या दिशेला आडवी होती. म्हणजे आमचं रडार बोटीच्या डावीकडे बघत होतं आणि त्यालाच समोर म्हणत होतं! खरं समोरचं सगळं ते इमानदारीने उजवीकडे दाखवत होतं. भिंत नेहमीच्या जागी डावीकडेच होती. डॉक्टर बहुधा घरी झोपले होते.

मी मटकन खाली बसलो. बोट वळवली त्याला किती वेळ झाला, आपण कुठे आहोत, पलीकडचा किनारा कुठल्या बाजूला, काही म्हणता काही कळेना. शीड नाही, रडार आंधळं, आणि चोवीस वर्षं दिशा शिकवलेला मास्तर! मला खरोखर रडू आलं. मी खिशातून फोन काढला.

"कोणाला लावताय?" बायकोने विचारलं.

"बचावनौकेला. बोट गेली. जाऊ दे. डॉक्टरांना सांग, रडारसकट घ्या."

तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "इंजिन बंद करा."

"आं?"

"बंद करा आधी!"

मी इंजिन बंद केलं. एवढी शांतता झाली की बोयाला लागणारं पाणी ऐकू यायला लागलं. बायको डोळे मिटून उभी राहिली. आणि मग लांबून, धुक्याच्या पोटातून, आवाज आला. दोन लांब, थोडं थांबून एक आखूड. पुन्हा दोन लांब, एक आखूड.

"दीपगृहाचा भोंगा," ती म्हणाली. "तिकडे. लहानपणी मी ह्या आवाजावर झोपायचे. तो बंद पडला की जाग यायची मला."

ती पुढे बोलली, माझ्याकडे न बघता.

"गेल्या वर्षी सहा तास मी धक्क्यावर उभी होते. हाच भोंगा ऐकत. सारखं वाटत होतं, ह्यांना एवढं तरी ऐकू येईल. एकदा इंजिन बंद करून ऐकतील तरी."

सहा तासांत मी इंजिन एकदाही बंद केलं नव्हतं. आणि ती तिथे उभी होती, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

"उठा," ती म्हणाली. मी सुकाण्यापासून उठलो, ती बसली. इंजिन चालू करायचं, थोडं जायचं, बंद करायचं, ऐकायचं, सुकाणू जरासं वळवायचं, पुन्हा चालू. पुढच्या टोकावर आता मी होतो, काय दिसतंय ते सांगायला. मेहुणा डब्याशी बोलत होता. एकला दहा कमी असताना धुक्यातून लाकडी धक्का पुढे आला आणि त्यावर सासरे, हातात घड्याळ घेऊन.

"पोचलात!" ते म्हणाले. "रडारवर आलात का?"

मी मान खाली घातली.

"हो, बाबा," बायको म्हणाली आणि त्यांच्या हातात दोरी दिली. "रडारवरच आलो."

त्यांनी मुलीकडे पाहिलं, सुकाण्यापाशी कोण बसलंय ते पाहिलं, आणि पुढे एक अक्षर विचारलं नाही. त्या क्षणी त्या बाईसाठी मी अठ्ठेचाळीस मैल पोहत गेलो असतो.

सोमवारी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. मी कानात प्राण आणून दाराआड उभा राहिलो. "नाही, डॉक्टर," बायको सांगत होती, "बोट विकायची नाही. मला हवी आहे."

मी आनंदाने उडी मारली! ती 'आम्हाला' म्हणाली नाही, 'मला' म्हणाली, हे माझ्या लक्षात जरा उशिरा आलं.

आता दर रविवारी आम्ही खाडीत जातो. शीड चढतं, क्रेन मिळाली. पातेलं अजून डोलकाठीवर तसंच डावीकडे तोंड करून बसलंय, त्याच्यावर एक पक्षी बसतो आणि तोही तिकडेच बघतो. सुकाणू बायकोकडे असतं. धुकं पडलं की ती इंजिन बंद करते, मला खांद्याला धरून पुढच्या टोकावर बसवते आणि माझं तोंड दोन्ही हातांनी नीट समोर वळवते. एक अंशाचा फरक नाही. मग मी दिसेल ते मोठ्याने सांगत राहतो, बोया, भिंत, मच्छीमाराची होडी. होडीतून आठवी 'ब' मला हात करते. मध्येच कधी मी तिच्याकडे बघायला मागे वळलो, तर सुकाण्यावरून आवाज येतो,

"रडार, समोर बघा!"